जाचहाटाची केस, सहा आरोपी आणि तुमच्या प्रश्नातली एक ओळ

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही मूळचे खानापूर तालुक्यातले, गलाईच्या म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी दक्षिणेत राहता. २०१९ मध्ये लग्न झालं, चार वर्षांची मुलगी आहे. पत्नी आठ महिन्यांपूर्वी तासगाव तालुक्यात माहेरी आली, ती परत गेली नाही. आता तिथल्या पोलीस ठाण्यात तुम्ही, आई, वडील, धाकटा भाऊ, पुण्यात नांदणारी बहीण आणि तिचे यजमान अशा सहा जणांवर गुन्हा दाखल झालाय. वर घरगुती हिंसाचाराच्या अर्जाची कोर्टाची नोटीसही आलीय. तुम्ही विचारता की हे सगळं खोटं आहे, पण ते खोटं आहे हे सिद्ध कसं करायचं? ६८ वर्षांच्या आईला अटक होईल का? घर वडिलांच्या नावावर असताना पत्नी तिथे राहण्याचा हक्क कसा मागते? आपणही उलट केस टाकावी का? आणि या सगळ्याच्या मध्ये एका ओळीत तुम्ही लिहिलंय, ‘एकदा रागाच्या भरात कानाखाली दिली होती, पण तो विषय वेगळा.’

मी सांगलीत सव्वीस वर्षं फौजदारी वकिली करते. अशा केसमध्ये नवऱ्याकडून उभी राहिलेय आणि सुरुवातीची बरीच वर्षं मोफत विधी सेवेतून बायकांकडूनही उभी राहिले. त्या अनुभवावरून आधीच सांगते, तो विषय वेगळा नाही. तुमच्या पूर्ण प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे. पण आज रात्री तुम्हाला झोप लागत नसणार ती अटकेच्या भीतीने, म्हणून त्या प्रश्नापासून सुरू करते.

सासरी होणाऱ्या छळाचं पूर्वीचं कलम ४९८अ म्हणजे आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८५, आणि क्रूरता म्हणजे काय ते कलम ८६ मध्ये सांगितलंय. शिक्षा जास्तीत जास्त तीन वर्षं आणि दंड. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, त्यामुळे लोकांना वाटतं की नाव आलं म्हणजे बेड्या आल्याच. २०१४ साली अर्नेश कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमक्या याच कलमाच्या संदर्भात बजावलं की सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी आपोआप अटक करायची नाही. अटक का गरजेची आहे याची कारणं लिहावी लागतात, आणि मॅजिस्ट्रेटनेही ती पाहिल्याशिवाय कोठडी द्यायची नाही. म्हणून साधारणपणे आधी हजर राहण्याची नोटीस येते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ती कलम ३५(३) खाली असते. ती पाळून तुम्ही तपासाला हजर राहत असाल तर अटकेसाठी वेगळं, लेखी कारण लागतं. नोटीस टाळलीत तर मात्र ते कारण तुम्हीच पोलिसांच्या हातात देता. ही नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून चालत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केलंय. तरी तशी आली तर फोन बंद करून बसू नका, वकिलाला दाखवा.

अटकपूर्व जामीन घ्यावा का, हे मात्र परिस्थितीवर आहे. फिर्यादीत मारहाणीचं वैद्यकीय प्रमाणपत्र आहे का, हत्याराचा उल्लेख आहे का, दागिने अडकवून ठेवल्याचा आरोप आहे का, तपासी अंमलदार नोटिशीवर काम करतोय की घरी माणसं पाठवतोय, यावर ते ठरतं. तुमच्या बाबतीत मी तुमच्यासाठी आणि आईवडिलांसाठी सांगलीच्या सत्र न्यायालयात अर्ज करायला सांगेन. मुख्य कारण दागिन्यांचं आहे, त्यावर पुढे येते. तुम्ही परराज्यात आहात. सांगलीपर्यंत पोहोचेपर्यंत तिथल्या न्यायालयाकडून थोड्या दिवसांचं संरक्षण मागता येतं. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका वैवाहिक केसमध्ये ती वाट मान्य केलीय. ‘सगळं तर तिकडे दक्षिणेत घडलं, मग गुन्हा तासगावात कसा?’ या वादावर मात्र पैसे घालवू नका. सासर सोडून बाई जिथे आसऱ्याला गेली तिथे ती फिर्याद देऊ शकते, हा प्रश्न २०१९ च्या रुपाली देवी निकालाने मिटवलाय.

आता मूळ गोंधळ. तुमच्या घरात सध्या ‘केस’ हा एकच शब्द चालू असेल, पण फायली दोन आहेत आणि पोटगीची तिसरी येऊ शकते. पोलीस ठाण्यातला गुन्हा हा राज्य सरकार विरुद्ध तुम्ही असा आहे. त्यात तुमची पत्नी साक्षीदार आहे. घरगुती हिंसाचाराचा अर्ज २००५ च्या कायद्याखालचा. तो मॅजिस्ट्रेटपुढे चालतो म्हणून लोक घाबरतात, पण त्यात मागणी असते संरक्षणाची, राहण्याच्या जागेची, खर्चाची आणि मुलीच्या ताब्याची. त्या अर्जावर अटक होत नाही, जामीन घ्यावा लागत नाही. संरक्षण आदेश झाला आणि तो तुम्ही मोडलात, तर मात्र तो स्वतंत्र गुन्हा होतो आणि त्यात एक वर्षापर्यंत कैद आहे. माझ्याकडे येणारे निम्मे लोक गुन्ह्याच्या भीतीने गारठलेले असतात आणि या अर्जाच्या तारखा बुडवतात. मग एकतर्फी अंतरिम खर्चाचा हुकूम होतो, थकबाकी साचते, आणि सहा महिन्यांनी वसुलीचं वॉरंट घेऊन पोलीस दारात उभे राहतात. म्हणून भीती वाटत नाही त्या फायलीची तारीख आधी वहीत लिहा.

‘खोटं आहे हे सिद्ध कसं करायचं?’ फौजदारी केसमध्ये ते सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर नाही. आरोप संशयापलीकडे सिद्ध करायचं काम सरकार पक्षाचं आहे. तुमचं काम वेगळं आणि जास्त चिकाटीचं आहे. कुणी काय केलं, कधी, कुठे, कुणासमोर हे चार प्रश्न फिर्यादीतल्या प्रत्येक वाक्याला विचारायचे.

माझी पद्धत सांगते. फिर्यादीची प्रत काढते, पेन्सिल घेते आणि प्रत्येक आरोपीच्या नावाखाली रेघ मारत जाते. ‘लग्नानंतर काही दिवसांनी सर्वांनी मिळून माहेरहून पैसे घेऊन ये म्हणून शिवीगाळ, दमदाटी करून, उपाशीपोटी ठेवून शारीरिक व मानसिक जाचहाट केला.’ हे वाक्य तुमच्या फिर्यादीत कुठल्या ना कुठल्या रूपात असणार, कारण ते आमच्याकडच्या जवळजवळ प्रत्येक फिर्यादीत असतं. याला आम्ही मोघम आरोप म्हणतो. त्यात तारीख नाही, जागा नाही, कुणी काय केलं ते नाही. मग मी मोजते की अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, अमुक माणसाने अमुक केलं असं वाक्य कुणाच्या वाट्याला किती आलंय. पुण्याच्या बहिणीचं नाव फक्त आरोपींच्या यादीत आणि त्या ‘सर्वांनी मिळून’मध्ये असेल, तर तिची बाजू तुमच्यापेक्षा पूर्ण वेगळी झाली. तिची नोकरीची हजेरी, मुलाची शाळा, पुण्याचा पत्ता हे तिचे कागद वेगळे ठेवायचे.

इथे एक गोष्ट मनापासून सांगायचीय. फिर्याद साच्यातली आहे याचा अर्थ बाई खोटं बोलतेय असा होत नाही. ती ठाण्यात रडत जे सांगते ते लिहून घेणारा अंमलदार त्याच्या सवयीच्या भाषेत उतरवतो. साचा पोलिसांचा असतो, त्यातलं दुखणं तिचं असू शकतं. मी बायकांच्या बाजूने उभी असताना कित्येकींना जबाब वाचून दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, ‘मॅडम, हे मी असं नव्हतं सांगितलं, मी त्या एका रात्रीबद्दल सांगत होते.’ ती एक रात्र फिर्यादीत नसायची आणि ‘वेळोवेळी’ हा शब्द चार वेळा असायचा. त्यामुळे मोघम वाक्यांवर खूश होऊन बसू नका. तिच्या वकिलाला काम येत असेल तर साक्षीच्या वेळी ती एक रात्र समोर येईल.

आणि म्हणूनच ती कानाखालची ओळ.

बऱ्याच वर्षांपूर्वी खटाव तालुक्यातला एक माणूस माझ्याकडे आला होता. सरकारी नोकरी, शांत स्वभाव. पैशाच्या मागणीचा आरोप होता, आणि तो आरोप खरा नव्हता असं मला आजही वाटतं; उलट त्यानेच सासऱ्यांच्या आजारपणात पैसे दिल्याच्या बँकेच्या नोंदी होत्या. मी विचारलं, ‘कधी हात उचललात?’ तो म्हणाला, ‘नाही मॅडम, कधीच नाही.’ आम्ही घरगुती हिंसाचाराच्या अर्जाला म्हणणं दिलं, शपथेवर, ‘मी तिला कधीही स्पर्शही केला नाही’ अशा थाटाचं. तिच्या वकिलांनी उलटतपासात ग्रामीण रुग्णालयाचा केस पेपर काढला आणि त्याच्याच फोनवरून गेलेला एक निरोप दाखवला: ‘परवाचं चुकलं माझं. परत नाही होणार.’ कोर्टात किती शांतता पसरली ते मला आठवतं. त्यानंतर त्याच्या बँकेच्या नोंदीही कुणी गंभीरपणे पाहिल्या नाहीत. एका गोष्टीत शपथेवर खोटं बोललेला माणूस दुसऱ्या गोष्टीत खरं बोलतोय, हे न्यायाधीशांना पटवून देणं मला जमलं नाही. तो दोष त्याचा होता आणि दुसऱ्यांदा न विचारण्याचा माझाही होता.

कायद्याच्या नजरेने पाहिलं तर एक कानाखाली मारणं म्हणजे आपोआप कलम ८६ ची क्रूरता होत नाही. तिथे आत्महत्येला किंवा गंभीर इजेला प्रवृत्त करेल असं वागणं, किंवा पैशाच्या बेकायदा मागणीसाठी छळ, असं काहीतरी लागतं. पण ते कलम ११५(२) खाली साधी दुखापत होऊ शकतं, त्याला एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात तर तो सरळ शारीरिक छळ आहे. म्हणजे तुमच्यावरचा हुंड्याचा आरोप निराधार असू शकतो आणि तुमच्या हातून हिंसा झालेली असू शकते, दोन्ही एकाच वेळी. ‘सगळं खोटं’ या दोन शब्दांत तुम्ही त्या दोन गोष्टींची गाठ मारताय, आणि ती गाठ कोर्टात तुमच्याच गळ्यात पडेल. राज्यघटनेच्या कलम २०(३) ने तुम्हाला स्वतःविरुद्ध न बोलण्याचा अधिकार दिलाय. खोटं बोलण्याचा अधिकार कुणी दिलेला नाही. घरगुती हिंसाचाराच्या अर्जाला दिलेलं म्हणणं उद्या फौजदारी केसमध्ये तुमच्यासमोर धरलं जातं, म्हणून त्यात काय लिहायचं आणि कशावर गप्प राहायचं हे दोन्ही फायली एकत्र ठेवून वकिलाबरोबर ठरवा. घाईत, दोन वेगळ्या वकिलांकडून, दोन वेगळ्या कहाण्या लिहून देऊ नका.

त्यापलीकडे माणूस म्हणून सांगते. ती कानाखाली तुमच्या दृष्टीने ‘एकदा’ असेल. तिच्या आठवणीत तो दिवस वार-तारखेसह असेल. तुमच्या चार वर्षांच्या मुलीने ते पाहिलं होतं का, याचाही विचार करा.

आता दागिने. गलाईचा धंदा असलेल्या घरात हा मुद्दा नेहमीपेक्षा अवघड होतो, आणि मी विटा-खानापूर-आटपाडीकडच्या घरांत तो पुन्हा पुन्हा पाहिलाय. लग्नात तिच्या माहेरच्यांनी घातलेलं सोनं हे स्त्रीधन, त्यावर तिची पूर्ण मालकी. सर्वोच्च न्यायालयाने हे १९८५ मध्येच सांगितलंय. तुमच्याकडे मात्र दागिना ही चालती वस्तू. जुनं गंठण वितळवलं, त्यात भर घालून नवं केलं, मधल्या अडचणीत काही मोडलं, सणाला परत घातलं. घरच्यांच्या मनात हिशेब चोख असतो, कागदावर काहीच नसतं. कोर्टाला मात्र हे पटत नाही की ज्या घरात दिवसभर मिलिग्रॅमचा काटा चालतो तिथे सुनेच्या दागिन्यांचं वजन कुणालाच माहीत नाही. सरकार पक्ष जामिनाला विरोध करताना याच मुद्द्यावर येतो, की स्त्रीधन हस्तगत करायचंय, कोठडी हवी. म्हणून त्याच्या आधीच यादी करा. लग्नातले फोटो काढा, कुठला दागिना कधी मोडला, त्याचं काय झालं ते लिहा. जे तिचं आणि घरात आहे ते वजनासह, फोटोसह, वकिलामार्फत तपासी अंमलदारापुढे पंचनामा करून परत द्या. तिच्या भावाच्या हातात गुपचूप पुडकं नेऊन देऊ नका. पोच नसलेली परतफेड कोर्टात झालेली नसते.

फोनबद्दल. काहीही पुसू नका, तुमच्या विरुद्ध जाणारं तर अजिबात नाही. फोन बदलू नका, विकू नका. निरोप, कॉल रेकॉर्डिंग, फोटो कोर्टात दाखल करायचे तर नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. आता त्याचे दोन भाग असतात, एक तुमचा आणि एक तज्ज्ञाचा. मूळ उपकरण हाताशी असेल तर ते सोपं जातं. आणि आजपासून तिला, तिच्या आईला, भावाला रात्री-अपरात्री फोन किंवा निरोप नको. समजावणीचा म्हणून पाठवलेला निरोप ‘धमकी’ म्हणून पुरवणी जबाबात आलेला मी पाहिलाय, आणि वाचल्यावर मलाही तो धमकीसारखाच वाटला होता.

मुलीला आणायला तासगावला जाऊ नका. एका माझ्या अशिलाने मुलाला गावच्या जत्रेतून परस्पर गाडीत घालून आणलं. त्याच्या मनात प्रेमच होतं, पण त्या दिवसापासून त्याची मूळ केस मागे पडली आणि नवीच उभी राहिली. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे राहतं, असं १९५६ चा अज्ञान पालकत्वाचा कायदाच म्हणतो. पण भेटीचा हुकूम तुम्ही त्याच घरगुती हिंसाचाराच्या अर्जात मागू शकता. पहिल्याच म्हणण्यात तो मागा, आणि मुलीच्या खर्चाचे पैसे मागणीची वाट न पाहता बँकेतून पाठवायला सुरुवात करा. यात डावपेच काही नाही. ती तुमची मुलगी आहे.

आतापर्यंतचं एकत्र करते. नोटीस आली तर हजर राहायचं. दोन्ही फायलींच्या तारखा वेगवेगळ्या लिहायच्या. फिर्याद माणसागणिक फोडून वाचायची. दागिने यादी करून परत द्यायचे. सासरच्या माणसांशी थेट बोलणं बंद. आता उरले नातेवाईक, घर, उलट केस आणि तडजोड.

नातेवाइकांसाठी वाट हायकोर्टाची. फक्त मोघम आरोपांवर नवऱ्याच्या सगळ्या गोतावळ्याला खटल्यात ओढायचं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२४ मध्ये सांगितलंय. गुन्हा रद्द करण्याचा अर्ज नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली होतो. पूर्वी यासाठी मुंबईच्या वाऱ्या व्हायच्या, रात्रीची गाडी, सकाळी फोर्ट, आणि प्रकरण बोर्डावर आलंच नाही म्हणून परत. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय आणि सांगली, साताऱ्याची प्रकरणं तिथे जातात. तुमच्या बहिणीचा आणि तिच्या यजमानांचा अर्ज मी वेगळा करेन. तुमचं नाव त्यात घालणार नाही. तुमच्यावर ठोस आरोप असतील तर तुमचा अर्ज त्यांच्या पायात येतो. आईवडील आणि भाऊ तुमच्या पत्नीबरोबर कधी आणि किती दिवस राहिले, यावर त्यांचं ठरेल. हायकोर्टात यश आलं नाही तर दोषारोपपत्राच्या प्रती मिळाल्यापासून ६० दिवसांत डिस्चार्जचा, म्हणजे खटला चालण्याआधीच आरोपातून वगळण्याचा अर्ज करता येतो. ही मुदत नवी आहे आणि अजूनही लोक ती चुकवतात.

घराबद्दल. ‘घर सासऱ्यांच्या नावावर, म्हणून सुनेचा संबंध नाही’ हा समज २०२० च्या सतीश आहुजा निकालानंतर टिकत नाही. लग्नाचं नातं असताना ती ज्या घरात संसार म्हणून राहिली ते सामाईक घर ठरू शकतं, मग सातबारा किंवा उतारा कुणाच्याही नावावर असो. तिला त्यात मालकी मिळत नाही, राहण्याचा हक्क मिळू शकतो. तुमच्या बाबतीत ती गावच्या घरात किती राहिली आणि दक्षिणेतल्या भाड्याच्या घरात किती, यावर बरंच अवलंबून आहे. काही ठिकाणी कोर्ट राहण्याऐवजी भाड्याची रक्कम देतं. मात्र या धास्तीने भावाच्या नावावर बक्षीसपत्र करायला दुय्यम निबंधकाकडे धावू नका. पोटगीत दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि उत्पन्नाचं शपथपत्र द्यावं लागतं. केस झाल्यावर आठवड्यात झालेलं बक्षीसपत्र तिथे तुमच्या विरुद्ध बोलतं. रोखीच्या धंद्याचं उत्पन्न ‘महिना आठ हजार’ असंही लिहू नका. दुकानाचं भाडं त्याच्या दुप्पट असेल तर तुमच्या बाकीच्या शपथपत्रालाही किंमत राहत नाही.

उलट केसचा विचार सध्या बाजूला ठेवा. आईने ठाण्यात जाऊन सुनेविरुद्ध एन.सी. म्हणजे अदखलपात्र तक्रार करायची, नांदायला येण्याचा अर्ज टाकायचा, बदनामीची नोटीस पाठवायची, हे सगळं गुन्हा दाखल झाल्यावर पंधरा दिवसांत झालं की बचावाचा कागद म्हणूनच वाचलं जातं. पत्नीने शपथेवर खोटं सांगितल्याचं पुढे पुराव्यातून उघड झालं, तर त्यासाठी कायद्यात तरतूद आहे; ती तेव्हा वापरता येईल. तिला खरंच परत आणायचं असेल तर नांदायला येण्याचा अर्ज जरूर करा. पण त्याआधी स्वतःला विचारा, ती परत आली तर काय बदललेलं असेल?

तडजोडीचं शेवटी लिहितेय, पण दार पहिल्या दिवसापासून उघडं ठेवा. पत्नीने आधी पोलिसांच्या भरोसा सेलकडे (कौटुंबिक वादात समुपदेशन करणाऱ्या कक्षाकडे) अर्ज केला होता का आणि तुम्ही तिथल्या तारखांना गेला होतात का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. गेला नसाल तर ते कोर्टात विचारलं जाईल. आपल्याकडे बैठकीची सवय जुनी आहे. आर. आर. आबांनी २००७ मध्ये तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली तेव्हा भाऊबंदकीतले, बांधावरचे कितीतरी वाद गावातच मिटले, मला त्या कामाचा आदर आहे. पण नवरा-बायकोचा वाद चाळीस माणसांसमोर, प्रत्येकाच्या हातात फोन असताना मिटत नाही. तिथे तिला ‘एवढ्या-तेवढ्यावरून’ म्हणणारा एक वडीलधारा असतोच आणि ती आणखी मिटून जाते. आणि पाचशेच्या स्टॅम्पवर लिहिलेल्या फारकतीने हिंदू लग्न मोडत नाही, गुन्हाही मिटत नाही. हा गुन्हा आपसात मिटवता येणाऱ्यांपैकी नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या मध्यस्थी केंद्रात बसा. तिथे बोललेलं बाहेर वापरलं जात नाही. एकत्र राहायचं ठरो किंवा संमतीने वेगळं व्हायचं, अटी लेखी होऊ द्या, आणि मग दोघांच्या संमतीने कोल्हापुरातून गुन्हा रद्द करून घ्या. वकील करण्याची ऐपत नसेल तर आरोपीसाठीही जिल्हा न्यायालयात लोक अभिरक्षक कार्यालय आहे. तिथे जायला लाजू नका.

आईला सांगा की समन्स घेऊन कुणी आलं तर दार लावून घेऊ नका. सही करून प्रत घ्या आणि फोटो तुम्हाला पाठवा. आणि तुम्ही एक काम आज रात्रीच करा. त्या कानाखालच्या दिवसाची तारीख, वेळ, कशावरून झालं, कोण होतं, नंतर काय बोललात, असा सगळा तपशील स्वतःला न सावरता एका कोऱ्या कागदावर हाताने लिहा. तो भावाला दाखवू नका, फोटो काढून कुणाला पाठवू नका. अशिलाने वकिलाला सांगितलेलं गुपित ठेवायला कायदा वकिलाला बांधतो. पहिल्यांदा वकिलाकडे जाल तेव्हा तो कागद आधी द्या, बाकीची फाईल नंतर.